बसायचं काम

कँप, खालापूर
१८ जानेवारी १९४३

सुंदराआक्का,

वर देवाचं नाव घालायला जागा ठेवली नाही, कारण कागद अर्धाच मिळालाय. तू मनात म्हणून घे.

बातमी अशी की दाजी कामाला लागले. काम काय, तर बसायचं. हसू नको. आपली खाचरं लष्करानं घेतली आणि तुम्हाला भिवपुरीला जावं लागलं, तेव्हा आपल्याला वाटलं होतं की तिथे तंबू ठोकतील. तंबू बाजूच्या माळावर आहेत. खाचरांत ते गाडी पळवतात. चिलखती गाडी, चारी बाजूंनी आणि वरून लोखंड. आपल्या गावानं तिचं नाव तिजोरी ठेवलंय. लढाईवर शिपाई तिच्यात बसून जाणार, तर आत त्यांना किती हादरे बसतात, किती वेळानं पाठ जाते, उतरल्यावर बंदूक धरवते की नाही, हे इथे बघायचंय. त्यासाठी साहेबाला उंचसखल जागा हवी होती. आपले बांध बघून तो इतका हरखला की टोपी काढून उभा राहिला. सारख्या अंतरावर सारख्या उंचीचे बांध त्याला कुणी मुद्दाम घालून दिले नसते, म्हणाला.

साहेब तसा वाईट नाही. कानावर कायम शिसपेन्सिल, म्हणून त्याला शिसपेन साहेब म्हणतात. गाडीत त्यानं एक पेटी बसवलीय. तिच्यात काजळी धरलेला कागद फिरतो आणि सुई त्याच्यावर प्रत्येक दणका काढते. पण सुईला पाठ नसते, असं तोच म्हणतो. म्हणून माणसं लागतात. शिपाई सगळे लढाईवर, म्हणून गावातलीच घेतली. दाजी आहेत, धोंडी आहे, वाडीवरचा पोशा आहे. ते आत बसतात, गाडी बांधांवरून जाते, थांबते, साहेब इंग्रजीत विचारतो कसं वाटलं, मी मराठीत विचारतो, ते सांगतात, मी इंग्रजीत सांगतो. माझं एक वर्षाचं कॉलेज असं कामाला आलं.

तपासणी संपली की शेत परत. पेरणीच्या आत नक्की. मी साहेबाला फिरून फिरून विचारलं, तो हो म्हणाला. म्हातारीला तेवढं सांग.

तुझा
पोपट


भिवपुरी, वीजघराची चाळ
संक्रांत होऊन पंधरवडा झाला

पोपटला सुंदराचा आशीर्वाद.

तुझा अर्धा कागद पोचला. बसायचं काम म्हणून वाचलं तर म्हातारी म्हणाली, माझ्या लेकाला एका जागी बसलेला मी लग्नाच्या पाटावर तेवढा बघितला, तवाबी उठत होता.

आमी बरे हाव. जयवंता भावजींच्या खोल्या लहान, पण जाऊबाय तोंड वाकडं करत नाय. हितं विजेचा दिवा हाय. पेटवायचा त्रास नाय, विझवायचंच आठवणीनं लागतं. म्हातारी तो फुंकून विझवाय बघते.

वालाचं काय झालं ते तू लिवलं नायस. शेंगा भरत आल्या होत्या. साहेबानं काढू दिल्या का गाडी घातली? आपल्या शेतात, आपलाच माणूस बसवून, आपलेच बांध दणकवायचे, याला काय म्हणायचं रं? तू कालेजात होतास, याला काय शब्द असंल तर कळव.

आणि एक ध्यानात ठेव. साहेबानं तुझ्या दाजींना काय इचारलं तर ते खरं सांगणार नायत. खोटं बोलायचं म्हणून नाय. त्यांच्या घरात दुखतंय म्हणून सांगायची रीतच नाय. सासरे गेले तवा वैद्य उशाशी बसला होता, तर हे म्हणाले, बरं हाय बाबांना. वैद्य उठून गेला. म्हणून तू त्यांच्या तोंडाकडं बघत जा, बोलण्याकडं नको.

शेत पेरणीच्या आत मिळतंय ना, एवढंच बघ. दुसरं काय नको.

सुंदरा


कँप
२१ फेब्रुवारी

आक्का,

वाल गेला. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. साहेबाला तो गवत वाटला.

इकडे एक भानगड झाली. पहिल्याच आठवड्यात साहेबानं विचारलं तेव्हा पोशानं सरळ सांगितलं, "लई दुखतं साहेब, पोट वर येतं." साहेब खूश. पेन्सिल काढून एवढं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोशा आलाच नाही. खरं म्हणजे त्याच्या वाडीला कोळशाच्या भट्टीवर नेणारा मुकादम आला होता, सगळी वाडीच गेली, तोही बायकोपोरं घेऊन गेला. साहेब आजही विचारतो, तो चांगला माणूस कुठे गेला. पण दाजींनी आणि धोंडीनं एवढंच बघितलं की जो दुखतं म्हणाला तो दुसऱ्या दिवशी दिसला नाही. मी समजावून सांगितलं. धोंडी म्हणाला, "तू साहेबाकडनं बोलनारच."

तेव्हापासून दाजींना विचारलं की कसं चालतं ते ऐक.

"हिरामण, कसं वाटलं?"

"बरं हाय."

"पाठ?"

"पाठ बी बरी हाय."

"शेवटच्या बांधाला तुझं डोकं छताला लागलं. मी बाहेरून आवाज ऐकला."

"डोकं बरं हाय."

साहेब मला विचारतो, हा माझी थट्टा करतोय का? मी म्हणतो, नाही.

त्यांचं म्हणणं मला कळतं. आपण बरं म्हटलं की गाडी पास झाली. गाडी पास झाली की साहेब तंबू उचलणार. साहेब गेला की शेत आपलं. मलाही ते पटलं, आक्का. मीही एकदा भर घातली. दाजी नुसतं बरं म्हणाले, मी इंग्रजीत फार बरं म्हणालो.

आत बसायचीही त्यांनी युक्ती काढलीय. मुंडासं सोडून कमरेला करकचून आवळतात आणि बांध आला की हातावर जरा उचलून धरतात. आत काही दिसत नाही, लोखंडाला चिरेएवढी फट आहे. तरी दाजी आतून सांगतात, हा चिंधीच्या खाचराचा बांध, हा आपला वरचा, आता मोरी येईल. धोंडी म्हणतो यांचे डोळे काढून घेतले तरी हे शेतावर जातील.

आता साहेबाचं. सुई उडून कागदाच्या बाहेर जाते आणि माणूस म्हणतो बरं. त्यानं दोन दिवस विचार केला आणि लिहून टाकलं की इथली माणसं हादरे सोसायला पक्की आहेत. मग म्हणाला, यांना एवढं सोसतं तर गाद्या कशाला? लढाईच्या काळात कापूस मिळत नाही. परवा त्यानं बाकांवरच्या गाद्या काढल्या. आता नुसत्या फळीवर बसून बघायचं.

दाजी खूशच झाले. म्हणाले, साहेब सामान काढाय लागला, आता लवकरच जाईल.

दाजींची तब्येत चांगली आहे. काळजी नको.

पोपट


भिवपुरी
शिमगा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी

पोपट,

शिमग्याला आले नायत. म्हातारीनं पोळी झाकून ठेवली, ती आज कुत्र्याला घातली.

जयवंता भावजी तुमच्याकडं येऊन गेले तवा धुवायला म्हणून ह्यांचे कपडे घेऊन आले. भावजींना मी इचारलं, कसे हायत? तर म्हणाले, चांगले हायत. तुमी सगळे एका गिरणीतनं काढल्यासारखे बोलता. मंग जेवताना हळूच बोलले, वहिनी, दादा उभ्यानं जेवला. बसायचं काम करणारा माणूस उभ्यानं जेवतो?

धोतर धुतलं. पुढनं डाग हायत, तांबूस. पान ते खात नायत. गाडीचं तेल काळं असतं. बाईला रक्ताचा डाग कुणी वळखाय शिकवावा लागत नाय, पोपट. मी ते धोतर तिसऱ्यांदा धुतलं तरी म्हातारी म्हणाली, एवढं काय घासतेस. मी म्हटलं, चिखल हाय.

तू लिवलंस तब्येत चांगली हाय. मी तुला म्हटलं होतं, तोंडाकडं बघ. बघितलंस का नाय? का तूबी त्यांच्यासारखाच झालास?

खरं काय ते लिव. मला काय होत नाय.

सुंदरा


कँप
३० मार्च

आक्का,

हे पत्र दाजींचं आहे. ते सांगतायत, मी लिहितोय. जे लिहू नको म्हणतील तेही लिहीन, त्यांना वाचता येत नाही. आता ते समोर पालथे पडलेत.

सांगतात, घरच्यांना कळव मी बरा हाय. आईला पाया पडतो म्हण.

धोतराचं विचारलं. हनुवटी हातावर टेकली. मग म्हणाले, तिला सांग गंज लागला. फळीला लोखंडी पट्टी हाय तिचा गंज. मी म्हटलं, दाजी, गंज बाहेरून लागतो. तर म्हणाले, हे लिवू नको.

लघवीला रक्त जातं, आक्का. गाद्या काढल्या तेव्हापासून. आधी संध्याकाळचं जायचं, आता सकाळीही. आम्हाला माहीत आहे, धोंडीला आणि मला. मी तुला खोटं लिहिलं.

म्हणतात, आता काय राहिलंय, थोडंच राहिलंय. साहेबाचं पान भरत आलंय. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं पान भरत आलंय? तर म्हणाले, तो आता बारीक लिवतो.

म्हणतात, सुंदराला सांग राबाला, रोपाची जागा भाजाय, पाला लागंल, जयवंताकडनं डोंगराचा पाला तोडून ठेव. शेत हातात आलं की लगेच भाजू.

मी म्हटलं, दाजी, तुम्ही उतरा. मी दुसरा माणूस बघतो. तर चिडले. असे चिडलेले मी त्यांना पाहिले नव्हते. म्हणाले, "दुसरा बसला आन त्यानं काय भलतंच सांगितलं तर? माझ्या शेताचं काय करायचं ते त्याच्या तोंडावर सोडू? बसलो तर मीच बसनार."

हेही लिहू नको म्हणाले.

शेवटी म्हणतात, तिला म्हण पोळीचं वाईट वाटलं. मी तुझं पोळीचं वाचून दाखवलं तेव्हा ऐकलं त्यांनी.

आता झोपलेत. उद्या गाडी आहे.

पोपट


भिवपुरी
८ एप्रिल

पोपट,

मला शेत नको.

हे वाचून दाखवू नको त्यांना, नायतर तुलाबी मारतील नि मलाबी. पण मी लिवते ते ध्यान देऊन वाच. पाला मी तोडला नाय. भावजी जातो म्हणाले, मी नको म्हटलं. म्हातारीनं इचारलं तवा म्हटलं, यंदा पाला ओला हाय. आता मीबी तुमच्यासारखीच बोलाय लागले.

तू साहेबाला सांग. इंग्रजीत सांग, मराठीत सांगायचं काम नाय. ते काय बोलतात ते तुझ्या तोंडातनं जातं ना? मंग तुझ्या तोंडात आल्यावर बदल. ते बरं म्हणतील, तू मरतोय म्हण. साहेबाला काय कळणार हाय? त्याला तेवढं जमलं असतं तर तुला कशाला ठेवला असता.

शेत गेलं तर गेलं. आमी दोघं दगड फोडू. पण दगड फोडायला माणूस तरी पाहिजे.

लवकर कर.

सुंदरा


कँप
२९ एप्रिल

आक्का,

केलं. तू सांगितलंस तसं नाही केलं. शब्द बदलायला गेलो तर दाजी समोर उभे, आणि इंग्रजी येत नसलं तरी मी किती वेळ बोलतोय ते त्यांना कळतं. म्हणून संध्याकाळी एकटाच साहेबाच्या तंबूत गेलो आणि सगळंच सांगितलं. मुंडाशाचं, हातावर उचलण्याचं, पोशाचं, रक्ताचं. बरं हाय म्हणजे काय, हेही.

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला नाही. खाली बसला. म्हणाला, म्हणजे माझे तीन महिन्यांचे कागद खोटे. मी हो म्हणालो. मग तो पेन्सिल तासत बसला. लष्कराचा डॉक्टर लगेच बोलावला, त्यानं दाजींना तपासलं. मूत्रपिंडाला मार बसलाय. मणक्याचं नंतर कळेल, म्हणाला. आता गाडीत बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पडून राहायचं. दूध साहेबानं स्वतःच्या डब्यातलं पाठवलं.

एवढं झालं. पुढचं ऐक.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्यांना उभं केलं आणि माझ्याकडून सांगितलं की आधीचं सगळं रद्द. पुन्हा पहिल्यापासून. गाद्या परत घालणार, मुंडासं सोडून ठेवायचं, हात मांडीवर, आणि जो खरं सांगेल त्याला कुणी काढणार नाही. किती दिवस लागतील, मी विचारलं. म्हणाला, दिवाळीपर्यंत तरी. मी म्हटलं, साहेब, पेरणी? तो म्हणाला, मला वाईट वाटतं, पण चूक माझी नाही. आक्का, त्याचं खरंच होतं.

आणि हे मराठीत सगळ्यांना मीच सांगायचं होतं. सांगितलं. धोंडीनं ऐकून घेतलं आणि थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. माझ्याशी आता कुणी बोलत नाही. पाणी मागितलं तर देतात.

दाजींना मी तंबूत जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं साहेबाला? मी म्हटलं, मी. ते पलीकडे वळले. वळताना दुखलं, ते मला दिसलं. डॉक्टर त्यांना घरी जा म्हणतो. जात नाहीत. दिवसभर काठी टेकून शेताच्या कडेला उभे असतात. गाडी जाते, ते बघतात.

तू मला लवकर कर म्हणाली होतीस. मी जरा आधी केलं असतं तर काय झालं असतं, किंवा केलंच नसतं तर, हे मी दोन्हीकडून करून बघतो. दोन्हीकडून सारखंच येतं.

पोपट


भिवपुरी
अक्षय्य तृतीयेचा दिवस

पोपट,

तू केलंस ते बरं केलंस. मी सांगितलं म्हणून केलंस, तवा त्यांचा राग माझ्यावर येऊ दे. आल्यावर मी सांगीन त्यांना. तू मनाला लावून घेऊ नको, जेवत जा.

म्हातारीला सांगितलं शेत यंदा नाय. दिव्याखाली बसली होती. मंग म्हणाली, बियाणं कणगीत ठेवलंय ते मुंग्या खातील.

भावजींना धाडते. ऐकत नसतील तर उचलून आणा.

सुंदरा


कँप
१४ मे

आक्का,

घाईत लिहितोय. शेत परत मिळालं.

वाचून उठू नको, पुढं वाच. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, गाद्या घातल्या, तर सुई एकदम शांत. कागदावर नुसती बारीक लाट. धोंडीनं खरं सांगितलं, म्हणाला फारसं काही झालं नाही. साहेब आधी खूश झाला, गादीचा गुण समजला. मग गादी काढून बघितली, तरी सुई तशीच. तेव्हा तो खाली उतरला आणि पहिल्यांदा पायी चालत गेला शेतातून. मी बरोबर होतो. आक्का, बांध राहिलेच नव्हते. चार महिने तीच गाडी त्याच वाटेनं. घासून घासून सपाट. आम्ही रोज बघत होतो आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. दाजींच्या आलं असेल. कडेला उभं राहून ते तेच बघत असणार. बोलले नाहीत.

साहेब म्हणाला, ही जागा आता कामाची नाही. त्याच दिवशी कागद केला. खाचरं मोकळी. नवी जागा त्यानं संध्याकाळीच बघून ठेवली, वरच्या अंगाला येसाजीची आणि त्याच्या भावकीची खाचरं. तिथले बांध दगडगोट्याचे आहेत, टिकतील, म्हणाला. मला तिकडे जायचंय. मला सुटता येत नाही, मी विचारून बघितलं.

जयवंताभाऊ पोचले. डॉक्टर म्हणाला बैलगाडीत घालू नका, हादरे चालायचे नाहीत. म्हणून बाजेवर घालून घरी नेलं. एका कोपऱ्याला धोंडीनं खांदा दिला. मी दुसऱ्या कोपऱ्याला गेलो तर दाजींनी हातानं नको केलं. तेव्हा तिथे दुसरा माणूस आला. मी मागून चाललो, गावाच्या पारापर्यंत.

तू म्हातारीला घेऊन घरी ये आता. घर उघडलंय.

पोपट


आपलं घर
२४ मे

पोपट,

आलो. तू शेत परत मिळालं म्हणून लिवलं होतंस. मी जाऊन बघितलं.

ते शेत नाय रं. तो रस्ता हाय. माती अशी बसलीय की कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येतात नि कुदळ उलटी येते. बांध नाय म्हंजे पाणी थांबणार नाय. वरनं येईल आन खाली चिंधीच्या खाचरात जाईल, तिचे बांधबी नायत, तवा तिथनं ओढ्याला. मी आन म्हातारी सकाळी जातो, टोपलीनं माती आणून टाकतो. दिवसाला जेवढा बांध होतो तेवढा मी पदरानं झाकीन. राब भाजला नाय, वाफा नाय. मी पाला तोडू दिला नाय ते म्हातारीला अजून ठावं नाय.

ते ओट्यावर बसतात. बसतात म्हंजे टेकतात. आमी माती टाकतो तवा लांबनं सांगतात, तिकडं नको, हितनं घे. पहिल्या दिवशी उठून आले, कुदळ हातात घेतली, वाकले. मंग कुदळ तशीच ठेवून तिच्यावर टेकून उभे राहिले. म्हातारीनं तोंड फिरवलं. मी जाऊन हाताला धरून आणलं. अजून तांबडंच जातं. तुझ्यावरचा राग कमी हाय. काल म्हणाले, पोपटला घोंगडी नसंल तिकडं, वर गार असतं.

आता कामाचं. काल येसाजीची भागी आली होती. एवढ्या उन्हात वरनं चालत आली. पाणी दिलं तर हातातच धरून बसली. म्हणाली, आमच्याकडं गाडी येणार, आमचा माणूस बसणार हाय. तुमचा बसला होता. मंग साहेबानं इचारल्यावर काय म्हणायचं ते सांग. बरं म्हटल्यावर शेत सुटतं का नाय म्हटल्यावर?

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे ओट्यावरनं उठून आत गेले.

मी तिला म्हटलं, बाय, आमी बरं म्हटलं तर गाद्या काढल्या. दुखतं म्हटलं तर दिवाळी सांगितली. शेत सुटलं ते आमच्या बोलण्यानं नाय. ती म्हणाली, मंग कशानं? मी सांगितलं, बांध गेले म्हणून. तिनं हातातलं पाणी खाली ठेवलं. मंग म्हणाली, पण सांगायचं तर काय तरी लागंल ना. माणूस साहेबापुढं गप कसा बसंल?

मी म्हटलं, माझा भाऊ तिथंच हाय, त्याला इचारते. तू शिकलेला हायस. तिला काय सांगू ते लवकर कळव. ती परवा परत यायची हाय.

सुंदरा


येसाजीच्या खाचरांवरून
२९ मे

आक्का,

तुझं पत्र काल आलं. गाडी त्याच्या आदल्या दिवशीच सुरू झाली. भागी तुझ्याकडे येऊन गेली असेल तर तिला तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही.

पहिला येसाजीच बसला. साहेबानं या वेळेला सगळं नीट केलंय. मुंडासं बाहेर काढून ठेवायला लावलं, गादी नवी, डॉक्टर हजर. बसायच्या आधी मी येसाजीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, जे होईल तेच सांग. तो म्हणाला, तेच सांगून शेत कधी सुटंल? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. म्हणाला, मंग तुझा काय उपेग.

गाडी वरच्या कडेनं गेली. इथले बांध खरंच उंच आहेत. गाडी पुढून आभाळाकडे तोंड करते आणि मग आपटते. लांबून आवाज उशिरा येतो, आधी आपटलेली दिसते. शेवटाला जाऊन परत आली. दार उघडलं. येसाजी उतरला, लोखंडाला धरून थोडा उभा राहिला. कपाळाला खोक होती.

साहेब कानावरची पेन्सिल काढून पुढे आला. हळू बोलला, चांगलं बोलला. मी मराठीत विचारलं, येसाजी, कसं वाटलं?

त्यानं साहेबाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तूच सांग, बाबा. काय बोलू?"

साहेबानं विचारलं, काय म्हणतो?

मी म्हणालो, तो विचार करतोय.

साहेब म्हणाला, करू दे, घाई नाही. आणि बांधावर बसला.

पोपट